गुरुवारी तुटलेली स्प्रिंग

आता हे कोणी मानणार नाही, आणि मानू नयेच. पण रायपूरजवळच्या बीरगांवच्या एका गल्लीत मागच्या वर्षी लोखंडाचं भविष्य ऐकायला माणसांची रांग लागत होती. चहाच्या टपरीपासून निघालेली ती रांग पार पंक्चरवाल्याच्या टबापर्यंत जायची. कोणाच्या खांद्यावर ट्रकचा पाटा, कोणाच्या पिशवीत मोटारसायकलचं शॉकअप. एक बाई तर घरच्या सोफ्याची शिवण उसवून आतली स्प्रिंग घेऊन आली होती. जावई वजनदार, आणि दिवाळीला यायचा होता.

पिंपळाखाली टन्नबाबा डोळे मिटून बसलेले असत. समोर स्प्रिंग ठेवली की ते चिमट्यानं तिला एक टोला द्यायचे. टन्न! मग मान तिरपी करून कान लावायचे. रांगेतला शेवटचा माणूससुद्धा श्वास रोखून धरायचा.

“बोल रही है,” बाबा म्हणायचे.

“क्या बोल रही है, महाराज?”

“थकी नहीं है. लोहे में भी प्राण है बच्चा, सांसें गिनी हुई हैं. जा, एक सौ आठ दिन.”

मग स्प्रिंगला लाल दोरा, शेंदराचा टिळा आणि पुढचा नंबर. ट्रकच्या पाट्याला एकशे आठ दिवस, शॉकअपला एकशे आठ, जावयाच्या सोफ्यालाही एकशे आठच. एवढ्या प्रकारचं लोखंड इतक्या एकमुखानं बोलतं, याचं नवल मात्र कोणाला वाटत नव्हतं.

टपरीच्या बाकावर मारोतराव गावंडे हे सगळं बघत बसायचे. हातातला चहा थंड व्हायचा. खरं तर एवढा मोठा विनोद पाहून त्यांनी मांडी थोपटून हसायला हवं होतं, कारण गल्लीतल्या विनोदांची घाऊक वखार त्यांचीच. पण त्यांना हसू येत नसे. या विनोदाचं बी त्यांच्याच हातानं पेरलेलं होतं.

मारोतरावांची ओळख करून द्यायची तर हा माणूस थापा मारायला निवृत्तीवेतन घेत असावा, असंच सगळ्यांना वाटे. वडील रेल्वेत, मूळ गाव वर्धेकडचं, घर रायपूरच्या बूढ़ापाऱ्यात. आणि स्वतः एकतीस वर्षं स्प्रिंगच्या कारखान्यात, तपासणीच्या खोलीत. त्यांच्या तोंडून ऐकावं तर त्या खोलीत एकदा एक स्प्रिंग अशी सुटली की हेल्पर तिच्याबरोबर उडाला आणि सिलतऱ्याच्या दुसऱ्या कारखान्यात हजेरी लावूनच खाली उतरला. “मानत नसशील तं मिशी काढून देतो,” असं म्हणून ते सुरुवात करायचे, आणि मिशी तीस वर्षं जागच्या जागी होती.

पण एका बाबतीत या माणसानं कधी थाप मारली नव्हती. स्प्रिंगचं आयुष्य. तपासणीच्या खोलीतलं यंत्र दिवसरात्र एकच काम करायचं: स्प्रिंग ओढायची, सोडायची, ओढायची, सोडायची, तुटेपर्यंत. मारोतरावांचं काम आकडा लिहायचं. तार किती जाड, ताण किती, ओढ किती वेळा. हे तीन माहीत असले की किती लाख ठोक्यांनंतर भीती सुरू होते, याचा अंदाज बांधता येतो. अंदाज. त्या शब्दावर ते बोट आपटायचे.

निवृत्त झाल्यावर ते बीरगांवला नरेश साहूच्या शेडमध्ये यंत्रांची देखभाल करायला जाऊ लागले. नरेशभैयाकडे पाच पॉवर प्रेस होते, त्यांवर दाराच्या बिजागऱ्यांच्या पट्ट्या कापल्या जायच्या. कामगार बाई साच्यात पत्रा ठेवते, पायानं पेडल दाबते, वरून ठोका पडतो, पट्टी कापली जाते. एकदा पेडल, एकच ठोका. तो ठोका एकच राहावा म्हणून क्लचमध्ये बोटाएवढी एक स्प्रिंग असते. ती खटका मागं ओढून धरते. ती तुटली तर खटका अडकतो, पेडल न दाबता ठोका दुसऱ्यांदा खाली येतो. आणि तेव्हा बाईचा हात साच्यात पट्टी उचलायला गेलेला असतो.

म्हणून मारोतरावांनी एक वही ठेवली होती. दिवसाचे सात हजार ठोके. सव्वातीन लाखांच्या आत स्प्रिंग बदलायची, म्हणजे दर दीड महिन्याला.

“काका, टाइट तो है,” नरेशभैया स्प्रिंग दोन्ही हातांनी ताणून म्हणायचा. “नई जैसी है. काहे बदलें?”

“दिसायले नवीच दिसते ना भैया. तुटायच्या एक मिनिट आधीही नवीच दिसते.”

“कब टूटेगी, वो बताओ.”

“थे नाही सांगता येत.”

“फिर आपका कागज किस काम का?”

तीन नंबरच्या प्रेसवरची ममता मेश्राम हे ऐकून हसायची. गोंदियाकडची, नवरा उरला औद्योगिक वसाहतीत लोडिंगवर. मारोतरावांसाठी ती आपल्या डब्यातली चटणी वेगळी काढून ठेवायची. “काका, लोकायले आकडे नाही समजत. एखादी गोष्ट सांगा,” ती एकदा म्हणाली.

तिनं गंमतीनं म्हटलं होतं. काका मात्र घरी गेले तेव्हा त्यांच्या डोक्यात गोष्ट तयार झालेली होती.

पुढच्या सोमवारी त्यांनी तीन नंबरला स्प्रिंग बसवली. ती बसवण्याआधी काय केलं, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही; म्हणून मीही इतक्यात सांगत नाही. मग टपरीवर येऊन त्यांनी जाहीर केलं, “नंबर तीनची स्प्रिंग गुरुवारी, चारच्या चहाच्या आत तुटते. नाही तुटली तं मिशी काढतो.”

गुरुवारी ते सकाळपासून तीन नंबरला चिकटून उभे. ममताच्या हातात त्यांनी सांडशी दिली होती. “आज हात घालू नको पोरी. सांडशीनं उचल.” चारला सतरा मिनिटं कमी असताना क्लचमधून काडी मोडल्यासारखा आवाज आला आणि ठोका आपोआप दुसऱ्यांदा खाली आला. सांडशीचं टोक चपटं झालं. नरेशभैयाचा चेहरा पांढराफटक पडला.

टपरीवर गर्दी उसळली. “काका, आपको कैसे पता?”

इथंच ती चूक झाली. खरं सांगायची वेळ हीच होती. आता नरेशभैया ऐकेल, आता वही दाखवावी, म्हणून तर सगळा खटाटोप केला होता. पण समोर पंधरा-वीस माणसं डोळे विस्फारून उभी, आणि एकतीस वर्षांत मारोतरावांच्या आकड्यांकडे असं कोणी पाहिलं नव्हतं. त्यांना गंमत सुचली. पिंपळाखाली एक साधू चार दिवसांपासून येऊन बसला होता आणि त्या क्षणी चिमट्यानं पाठ खाजवत होता.

“मले काय समजते बाप्पा,” मारोतराव हात जोडून म्हणाले. “मले तं या महाराजांनी सांगितलं. स्प्रिंगले टोला देला, आवाज ऐकला, अन् म्हणाले, गुरुवार.”

सगळ्या माना पिंपळाकडे वळल्या. साधूचा चिमटा पाठीवरच थांबला. त्यानं गर्दीकडे पाहिलं, मारोतरावांकडे पाहिलं, आणि काय समजायचं ते समजून डोळे मिटले. ध्यानाला एवढ्या झपाट्यानं लागलेला माणूस रायपूर शहरानं पाहिला नसेल.

दोन दिवसांत नारळ फुटू लागले. आठव्या दिवशी नरेशभैयानं पाचही प्रेससाठी आणलेल्या नव्या स्प्रिंगा बाबांपुढे ठेवल्या. टन्न, टन्न, टन्न, टन्न, टन्न. एक सौ आठ दिन.

मारोतरावांनी वही काढली. एकशे आठ दिवस गुणिले सात हजार. साडेसात लाखांच्या वर. वही तशीच उघडी धरून ते शेडमध्ये गेले.

“भैया, दीड महिन्यानं बदलाच. माहं ऐका.”

“काका, आप ही ने तो बाबा का बताया था,” नरेशभैया खरोखरच्या आदरानं म्हणाला. “आपका कागज तारीख नहीं बताता. बाबा तारीख बताते हैं.”

त्या वेळी एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य मारोतरावांच्या जिभेवर आलं, आणि त्यांनी त्यावर चहा प्यायला. उद्या सांगू. उद्या गर्दी कमी असेल. मग परवा. रोज टपरीवर बसायचं, मनातल्या मनात सात हजार मिळवायचे आणि संध्याकाळी स्कूटर काढून घरी जायचं.

एक्क्याण्णवाव्या दिवशी तीन नंबरची स्प्रिंग तुटली. या वेळी ममताच्या हातात सांडशी नव्हती. डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली.

बाबांनी डोळे उघडून निदान केलं, “लोहा झूठ नहीं बोला. औरत ने छुआ होगा. ऐसे दिन में छुआ होगा, जब नहीं छूना था.” झालं. नरेशभैयानं दवाखान्याचं सगळं केलं, माणूस वाईट नव्हता. पण ममताला प्रेसवरून उठवलं आणि झाडूकामाला लावलं. गल्लीतल्या बाया तिच्या सावलीतून बाजूला होऊ लागल्या. बाबांकडची रांग मात्र वाढली, कारण आता लोकांना भीतीही होती.

मारोतराव संत्री घेऊन तिच्या खोलीवर गेले. पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून ती बसली होती.

“काका, तुम्हाले तं स्प्रिंगचं सगळं समजते,” ती म्हणाली. “खरं सांगा. माह्याच हातानं झालं का हे? मी त्या दिवसांत कामावर गेलती, हे खोटं नाही. तीन नंबरले मीच पुसत होती.”

“नाही, नाही. तसं काही नसते पोरी.”

“मग काहून तुटली?”

मारोतराव संत्रं सोलत बसले. एक फोड तिच्या पुढ्यात ठेवायची, पुन्हा सोलायचं. थापांचा एवढा मोठा व्यापारी, पण त्या दिवशी त्यांच्याकडे एकही माल नव्हता.

बीरगांवच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शर्मिष्ठा मॅडमना हे कळलं, तेव्हा त्या सरळ मारोतरावांच्या घरी आल्या. अकोल्याच्या बाई, बोलणं तुटक. “गावंडेकाका, रविवारी सकाळी शेडच्या अंगणात सभा घेतेय. बाबांची परीक्षा. तुम्ही स्प्रिंगा द्यायच्या आणि शेवटी लोकांना समजावायचं.”

रविवारी अख्खी गल्ली आली. मॅडमनी टेबलावर वीस स्प्रिंगा मांडल्या. दहा कोऱ्या, दहा प्रेसवरून काढलेल्या, अडीच लाखांवर ठोके खाल्लेल्या. सगळ्या रॉकेलनं धुऊन तेल लावलेल्या, प्रत्येकीला नंबराची चिठ्ठी, आणि कोणती कोणती याची यादी मॅडमच्या पर्समध्ये.

“महाराज, थकलेल्या इकडे आणि ताज्या तिकडे करा.”

बाबांनी टोले द्यायला सुरुवात केली. टन्न. “जवान.” टन्न. “बूढ़ी.” टन्न. “ये तो कन्या है, कन्या.” गर्दी खूश. वीस टोले झाले, दहा-दहाचे दोन ढीग पडले. मॅडमनी यादी काढून नरेशभैयाच्याच हातात दिली, वाचायला लावली. बाबांच्या जवान ढिगात सहा म्हाताऱ्या निघाल्या. त्यांची कन्यासुद्धा अडीच लाखांची होती.

पहिल्यांदाच गर्दीतलं कोणी तरी खुदकन हसलं.

“श्रद्धाहीन हाथों ने धोया है,” बाबा म्हणाले. “रॉकेल से लोहे की वाणी चली जाती है.”

“मग ट्रकवाल्यांचं लोखंड डिझेलमध्ये लडबडलेलं असतं, त्याची वाणी कशी येते?” मॅडम म्हणाल्या. या वेळी बरेच जण हसले.

पण पंक्चरवाला उभा राहिला. “मैडम, ये सब ठीक है. लेकिन पहली वाली? वो तो सबके सामने टूटी. गुरुवार बोला, गुरुवार को टूटी. वो तो सच्ची थी ना?”

“हव, सही बात,” मागून चार-पाच आवाज आले. “पहले सिद्धि थी. बाद में औरत की छूत लगी, तब से गड़बड़ है.”

हसू विझलं. ममता भिंतीपाशी उभी होती. तिनं डावा हात पदराखाली घेतला. मॅडमनी मारोतरावांकडे पाहिलं.

मारोतराव उठले. तोंड सवयीनं सुरू झालं. “आता जे सांगतो, थे तुम्ही मानणार नाही. मानत नसाल तं मिशी काढून देतो. पहिली स्प्रिंग आपोआप तुटलीच नव्हती! तिच्या टोकाच्या हुकाच्या वळणावर कानशीनं चीर पाडली होती. अशी, नखाएवढी. चांगल्या स्प्रिंगले लाखो ठोके लागतात. पण चीर पडली की प्रत्येक ओढीले थे चीर केसाकेसानं आत सरकते, अन् वीस-पंचवीस हजारांत खेळ खलास. सात हजार रोजचे. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार! सिद्धी नाही, कानस आहे कानस.”

गल्ली थक्क झाली. “किसने काटा?”

“कोण म्हणजे? या बाबानं! रात्री शेडमध्ये घुसला अन्...”

“मैं?” बाबा ध्यान, मौन सगळं विसरून ओरडले. “मां कसम, मैं तो भीतर गया ही नहीं!”

“ये तो सही है काका,” नरेशभैया कपाळाला आठ्या घालत म्हणाला. “रात को शटर में ताला. चाबी मेरे पास. और बाबा को तो मालूम भी नहीं था स्प्रिंग कहां लगती है. पहले दिन पूछ रहे थे, बेटा, पूजा मशीन के किस अंग की करूं?”

“देखा!” पंक्चरवाला म्हणाला. “मतलब किसी ने नहीं काटी. मतलब सिद्धि थी.”

“सिद्धि थी,” गर्दी पुटपुटली. लोक उठून पिंपळाकडे सरकू लागले. ममतानं खाली वाकून भिंतीला टेकवलेला झाडू उचलला. सभा संपली असंच तिला वाटलं असावं.

मारोतरावांनी तो झाडू पाहिला. आयुष्यभरात हजारो थापा मारल्या, पण याआधी त्यांतल्या एकीचीही किंमत दुसऱ्या कोणाला बोटांनी मोजावी लागली नव्हती.

“थांबा,” ते म्हणाले. आवाज इतका बारीक होता की मॅडमना “बसा, बसा” करावं लागलं. “चीर मी पाडली. सोमवारी, घरून निघायच्या आधी. माह्याच थैलीतल्या कानशीनं. स्प्रिंगही मीच बसवली. बाबानं मले काही सांगितलं नव्हतं. मीच थ्याले बाबा केलं, गंमत म्हणून.”

बाबांनी हळूच चिमटा झोळीत टाकला.

“अन् ममतानं काही केलं नाही,” ते पुढे म्हणाले, आता भरभर, थांबलो तर बोलणं होणार नाही अशा घाईनं. “एक्क्याण्णव दिवस, सात हजार रोजचे. सहा लाख सदतीस हजार ठोके. कारखान्यात आम्ही एकाच तारेच्या, एकाच भट्टीच्या वीस स्प्रिंगा लावत होतो. सख्ख्या बहिणी. पहिली सहा लाखांवर तुटे, शेवटची वीस लाखांवर. काहून असं? कोणाच्या अंगावर बारीकसा ओरखडा, कोणाच्या पोटात भट्टीतल्या मळीचा कण, डोळ्याले दिसत नाही. म्हणून एका स्प्रिंगचा दिवस कोणीच सांगू शकत नाही. मी नाही, बाबा नाही, कारखान्याचा साहेब नाही. जो सांगते, थो एक तं खोटं बोलते, नाही तं त्यानं कानस लावली असते. आपल्या हातात एवढंच आहे, की पहिली बहीण तुटायच्या खूप आधी सगळ्या बदलून टाकायच्या. माह्या वहीत तारीख नाही भैया. पण बाईचा हात वाचवायचं तेवढं त्या वहीत होतं. मी थे तुम्हाले ओरडून सांगायले पाहिजे होतं. गोष्ट सांगत बसलो.”

नरेशभैया यादीचा कागद घडी करत होता, उलगडत होता. शेवटी ममताकडे न पाहता म्हणाला, “दीदी, झाड़ू रख दो.”

ममतानं झाडू ठेवला. पण ती नरेशभैयाकडे पाहतच नव्हती. ती टेबलापाशी आली आणि मारोतरावांसमोर उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती मनात काही तरी मोजत होती.

“काका, गुरुवारी तुम्ही मले सांडशी देली.”

“हव पोरी. तुले काही होऊ नये म्हणून.”

“अन् मंगळवारी?”

मारोतरावांनी टेबलावरची एक स्प्रिंग उचलून पुन्हा खाली ठेवली.

“बुधवारी? बुधवारी मी दिवसभर हातानंच पट्ट्या उचलल्या. सात हजार वेळा हात आत घातला. थे चीर पडलेली स्प्रिंग बुधवारी तुटली असती तं?”

अंगणातल्या सगळ्या नजरा त्यांच्यावर होत्या, आणि त्यांतली एक तिची. मारोतरावांनी ओठांवरून जीभ फिरवली. एवढं सगळं कबूल केलं होतं. हे एवढं एक तरी झाकावं, असं वाटलं.

“नसती तुटली,” ते म्हणाले. “मी पक्का हिशोब केला होता ना. बुधवारी तुटणं शक्यच नव्हतं. मानत नसशील तं...”

“नाही मानत,” ममता म्हणाली. तिनं आवाज चढवला नव्हता, तरी पिंपळाखालपर्यंत ऐकू गेलं. “एका स्प्रिंगचा दिवस कोणीच सांगू शकत नाही, हे आत्ताच तुम्ही सगळ्यांसमोर बोलले. मग बुधवार नव्हता, हे तुम्हाले कुठून समजलं? खोटं बोलून राहिले तुम्ही, काका.”